वजनाचे ऑपरेशन आणि माझे धावणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. संक्रांतीला तिळगूळ वळायला सांगा, दोनशे लाडू वळीन. पण भाषण कसे करू?" त्या म्हणाल्या, "सकाळी मैदानावर जे करता तेच तोंडाने सांगा." म्हणून उभी राहिले आहे. मुलीने माझे बोलणे कागदावर उतरवून दिले आहे. अधूनमधून त्यात पाहीन, तेवढे चालवून घ्यावे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी धावायला लागले. तोपर्यंत माझे धावणे म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाकडे आणि सुटणाऱ्या एस.टी.कडे, आणि एस.टी. बहुधा सुटतच असे.

इथे बऱ्याच जणींच्या कपाळावर आठी उमटलेली दिसते, कारण त्यांना माझे ऑपरेशन ठाऊक आहे ते पित्ताच्या खड्यांचे. बाहेर तसेच सांगायचे हे आमच्या सासूबाईंनी ठरवले होते. त्यामागे त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना भीती वाटे की लोक म्हणतील, "खाऊन खाऊन लठ्ठ झाली आणि मग पैसे ओतून पोट कापून घेतले." आज सभेत खरे सांगते आहे ते त्यांना विचारूनच. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि मघापासून मान हलवत आहेत.

ऑपरेशनच्या वेळी माझे वजन ११२ किलो होते आणि उंची पाच फूट एक इंच. डॉक्टर लोक वजनाला उंचीच्या वर्गाने भागतात. म्हणजे किलोतले वजन घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. माझा आकडा ४६ च्या पुढे गेला होता. आपल्याकडच्या माणसांचा हा आकडा २३ च्या आत असावा असे म्हणतात, कारण आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह लवकर गाठतो. मला मधुमेह होता, रक्तदाब होता आणि गुडघे असे की देवघरासमोर बसले तर उठायला दोघे लागत. रात्री घोरण्यामुळे मुलगी दुसऱ्या खोलीत झोपायला जाई.

पण ऑपरेशन करून घेतले ते या कशामुळेही नव्हे. माझी आई चोपन्नाव्या वर्षी गेली. मधुमेहाने तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि शेवटचे दीड वर्ष आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावे लागे. माझे रिपोर्ट हातात घेऊन आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आईचे कागद असते तर ते असेच दिसले असते." त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांच्याशी बोलले. डाएट म्हणाल तर सगळे करून झाले होते. एकदा सोळा किलो उतरले आणि दोन वर्षांत एकोणीस चढले. ह्यांनी रिक्षाचे कर्ज फेडल्यावर साठवलेले पैसे होते, ते त्यात घातले. घरात दोन महिने अबोला होता, कोणाचा कोणाशी ते सांगत नाही.

ऑपरेशन म्हणजे काय करतात हेही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना वाटते की चरबी कापून काढतात. तसे नाही. चरबीला हातही लावत नाहीत. जठराची जी पिशवी असते तिचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग दुर्बिणीतून कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. याला स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. भूक लावणारे एक द्रव्य कापलेल्या भागातच जास्त तयार होत असते, त्यामुळे जेवण थोडे जाते आणि भूकही कमी लागते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराचा अगदी लहान कप्पा करून तो आतड्याला पुढे नेऊन जोडतात. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली असा बायपास प्रथम केला, म्हणजे ही विद्या काही कालपरवाची नाही. माझे स्लीव्ह झाले.

ऑपरेशन झाले त्याच संध्याकाळी मला उठवून वॉर्डात चालवले. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चालवतात. पहिले दोन आठवडे नुसते पातळ: वरणाचे निवळ पाणी, गाळलेले ताक, प्रोटीनची पावडर घातलेले दूध, आणि तेही चमच्याचमच्याने. मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ खिचडी, मग दोन महिन्यांनी आपले नेहमीचे जेवण. पण एक छोटी वाटीभर. आधी डाळ, अंडे किंवा पनीर खायचे, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा चतकोर. जन्मभर मी ह्याच्या नेमके उलट जेवत आले होते. जेवताना पाणी प्यायचे नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. तिसऱ्या महिन्यापासून केस मुठीने गळू लागले. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की गळतील आणि परत येतील, ते आले. पण आरशासमोर उभे राहून कंगव्यातले केस काढताना डॉक्टरांचे बोलणे आठवत नाही, हे मी आपणाला अनुभवाने सांगते.

त्या तीन महिन्यांत अठरा किलो उतरले. आणि मग तपासणीला गेले असता शल्यविशारदांनी मला एक गोष्ट सांगितली, ती घरात कोणालाच पटली नाही. ते म्हणाले, "पहिले वर्ष-दीड वर्ष वजन जठर उतरवील. पुढे ते तुम्हाला सांभाळावे लागेल. पुष्कळांचे थोडे परत येते, काहींचे बरेच." आमच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, त्यांची ही दुसरी खेप होती. त्यांच्याकडे पाहिले की मला डॉक्टरांचे म्हणणे खोटे वाटत नसे. आणखी एक गोष्ट ते म्हणाले. इतके भराभर वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रोटीन पोटात गेले पाहिजे आणि स्नायूंना काम मिळाले पाहिजे. नुसते काट्यावरचे वजन पाहून हुरळू नये.

चालणे मी आधीपासून करतच होते. चार महिने झाल्यावर रोज पाऊण तास चालण्याने काही वाटेनासे झाले, तेव्हा मीच विचारले की आणखी काय करू. जड उचलणे पहिले सहा आठवडे मना होते. आता जखमा भरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी हृदयाची पट्टी काढली, गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "थोडे धावून पाहा."

मी हसलेच. मला वाटले, थट्टा करत आहेत.

मुलीने मात्र ते मनावर घेतले. तिने मोबाइलवर शोधून एक नऊ आठवड्यांचा पाठ काढला. १९९६ साली अमेरिकेतल्या जॉश क्लार्क नावाच्या एका तरुणाने तो बसवला, आणि बसवला तो आपल्या पन्नाशीच्या आईसाठी. हे वाचल्यावर मला त्या पाठाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे. मग साठ सेकंद धावायचे, नव्वद सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. साठ सेकंद म्हणजे किती थोडे वाटतात! मिरची कुटताना साठ सेकंद कधी गेले कळत नाही. पण जुलैच्या पहिल्या मंगळवारी गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून धावायला लागले आणि चाळिसाव्या सेकंदाला मला वाटले की माझे फुप्फुस बाहेर येणार. हे बाकावर बसून पेपर वाचत होते. पहिले दोन महिने ते सोबतीला येत. पेपर त्यांनी एकदाही खाली केला नाही, मला संकोच वाटू नये म्हणून. घरी गेल्यावर मात्र "आज आठ वेळा धावलीस" असा बरोबर हिशेब सांगत.

मग कळले की मी फार जोरात धावत होते. जोरात म्हणजे काय, कोणीही चालत मला गाठले असते. पण माझ्या मानाने जोरात. नवशिक्याने किती वेगाने धावावे याची कसोटी फार सोपी आहे: धावता धावता शेजारणीशी बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटले तर वेग कमी करायचा. आपल्या मंडळातल्या सभासदांना ही कसोटी फारच सोयीची आहे.

नऊ आठवड्यांचा पाठ मला एकवीस आठवडे पुरला. एकेक आठवडा मी दोनदा, काही तीनदा केला. पाचव्या आठवड्याच्या शेवटी तो पाठ एकाएकी सांगतो की आता वीस मिनिटे न थांबता धावा. ही उडी मला पटली नाही आणि आजही पटत नाही. दोन मुलांची आई, ऑपरेशन झालेली, अजून नव्वदीच्या घरात वजन असलेली बाई एका रात्रीत आठ मिनिटांवरून विसावर कशी जाईल? मी मध्ये आपल्या पायऱ्या घातल्या, दहाची, बाराची, पंधराची. हिशेब कालनिर्णयवर ठेवी. चौकोनात वर दुधाचा खाडा आणि खाली धावण्याची मिनिटे. एकदा दूधवाल्याने महिन्याचा हिशेब करताना "बारा लिटर कधी घेतले?" म्हणून विचारले, ते माझे बारा मिनिटे होते.

डिसेंबरात, आपल्या नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, एके दिवशी मी तीस मिनिटे थांबल्यावाचून धावले. साडेतीन किलोमीटर झाले. नाक गार पडून बधिर झाले होते. घरी येऊन कोणाला काही न सांगता मी पोळ्या लाटायला घेतल्या. पण हात थोडे थरथरत होते आणि पोळ्या काही गोल झाल्या नाहीत.

आता जे सांगणार आहे ते ऑपरेशन झालेल्या बाईला धावताना ज्या निराळ्या अडचणी येतात त्यांविषयी. हे मला कोणी एकत्र सांगितले नव्हते, तुकड्यातुकड्याने कळले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट पाण्याची. धावून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो आणि घटाघटा पितो. आम्हांला ते करता येत नाही. नळीएवढ्या पोटात पाणी मावतच नाही. छातीत कळ येते. त्यामुळे तहान लागल्यावर पिऊ असे म्हणून भागत नाही. मी आदल्या दिवशी सकाळपासून घोटघोट पाणी पीत राहते, दिवसाकाठी दीड-दोन लिटर भरेल अशा बेताने; स्वयंपाकाच्या ओट्यावर बाटली ठेवलेली असते, येता जाता एक घोट. धावताना दर पाच मिनिटांनी दोन घोट. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर येण्याच्या आत परत फिरते आणि लिंबाच्या पाण्यात मीठ घालते, साखर घालत नाही.

साखरेचे कारण असे. धावणारे लोक दम टिकावा म्हणून गोड सरबत किंवा चिकट गोड पाक घेतात. आमच्या पोटातून, विशेषतः ज्यांचा बायपास झाला आहे त्यांच्या, गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो. मग घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, आणि कधी तासा-दोन तासांनी रक्तातली साखर फार खाली जाते. दवाखान्यात ओळख झालेल्या एका बाईंना पाडव्याच्या श्रीखंडाने असे झाले होते, तेव्हा धावणे सोडाच, त्यांना उभे राहवेना. मी धावण्याआधी पाऊण तास अर्धे केळे खाते, आणि आल्यावर उकडलेले अंडे किंवा मुगाचे धिरडे.

उपासाचेही यातच आले. माझी संकष्टी वीस वर्षांची. साबुदाणा आणि रताळे यांत प्रोटीन ते किती, आणि दिवसभर काही न खाता संध्याकाळी ताटावर बसायचे हे आता या पोटाला शक्य नाही. आहाराच्या बाईंनी सरळ सांगितले, उपास बंद. मला फार वाईट वाटले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझी चतुर्थी मी घेते. गणपतीला काय, घरातून एक उपास पोहोचला म्हणजे झाले." त्या दिवसापासून त्या महिन्यातल्या दोन्ही चतुर्थ्या करतात आणि मी अंडे खाते.

औषधांची गोष्ट त्याहून महत्त्वाची. मे २०२४ मध्ये एकदा धावून थांबले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मैदानाच्या कट्ट्यावर बसले, दोन मुलींनी धरले. सगळ्यांना वाटले, कमी खाण्याने झाले. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला तर १०० वर ६०! रक्तदाबाची गोळी ११२ किलोच्या बाईला बसवलेली होती. वजन उतरल्यावर तीच गोळी जड झाली होती. त्यांनी ती निम्मी केली आणि पुढे बंद केली. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक राहिली आहे. हे सर्व डॉक्टरांनी केले, मी नव्हे. आपल्या मनाने गोळी कोणी सोडू नये. पण वजन उतरत असेल तर गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे वरचेवर जावे.

त्याच तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघाले. धाप का वाढली होती ते मग कळले. ऑपरेशननंतर लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि पाळी सुरू असलेल्या बाईला लोह कमी पडण्याची भीती अधिक. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. नाहीतर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. मी लोहाची सकाळी घेते, कॅल्शियमची जेवणानंतर.

आणि दुखण्यावरची गोळी. नवीन धावणाऱ्याचे पोटऱ्या-गुडघे दुखणारच, आणि शेजारणी प्रेमाने ब्रुफेनसारखी गोळी देणारच. ऑपरेशन झालेल्यांनी, बायपासवाल्यांनी तर कधीच, ती जात घेऊ नये. जोडलेल्या जागी आत व्रण होतो. मला माझ्या डॉक्टरांनी स्लीव्ह असूनही मनाई केली आहे. फारच दुखले तर विचारून पॅरासिटामॉल. पुष्कळदा नुसत्या बर्फाच्या शेकाने आणि एक दिवस न धावण्याने भागते.

गुडघ्यांचे सर्वजणी विचारतात. "धावून गुडघे झिजतील ना?" माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला हिशेब असा की वजन एक किलो कमी झाले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. माझे छत्तीस किलो उतरले आहेत; गुणाकार तुम्ही करा. तरी मी घाई केली नाही हे खरे. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, भिंतीला हात लावून जोर काढते आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली करते. पहिल्या दिवशी उठबस चार झाल्या, आता पंचवीस होतात. देवघरासमोरून मी एकटी उठते.

बुटांची गंमत सांगते. पूर्वी मला सात नंबर लागे. दुकानात सहा नंबर बसला. वजन उतरले की पावलेही उतरतात हे मला कोणी सांगितले नव्हते! दुकानातल्या मुलाने विचारले, "काकू, मुलाला हवेत का?" ह्यांनी उत्तर दिले, "नाही, आमच्यात ह्याच धावतात."

आता थोडे नाजूक बोलते. इथे पुरुष मंडळी नाहीत, मांडववाला मुलगा बाहेर आहे, म्हणून बोलते. इतके वजन उतरले की पोटाची, दंडाची, मांड्यांची कातडी सैल लोंबते. धावताना ती घासते आणि घामाने सोलवटते. मी व्हॅसलीन लावते, घट्ट विजार घालते आणि पोटावर रुंद पट्ट्याची चड्डी. छातीला आधार देणारी खेळाची ब्रा दोनशे रुपयांच्या साध्या ब्रापेक्षा महाग पडते. पण ती घेतल्याखेरीज धावू नये असे मी म्हणेन. आणि बाळंतपणे झालेल्या बायकांना धावताना, खोकताना, शिंकताना कपडे ओले होण्याचा त्रास असतो. आपण जन्मभर एकमेकींपासून लपवतो. वजन कमी झाल्यावर माझा तो पुष्कळ कमी झाला, आणि राहिलेला, लघवी रोखताना आवळतो तसे आवळण्याचा व्यायाम रोज केल्याने कमी झाला. धावायला निघताना पॅड लावले तरी त्यात लाज कसली? आज ज्या माझ्याबरोबर येतात त्यांतल्या तिघी लावतात.

लोकांच्या बोलण्याविषयी दोन शब्द. मैदानावरची पोरे हसत. एकाने "आंटी, भूकंप" असे म्हटले, तो आता मला पाहून "गुड मॉर्निंग" म्हणतो. मला त्याचे फार वाटले नाही. वाटले ते आपल्यातल्या बोलण्याचे. ऑपरेशन झालेल्या एका बाईविषयी आपल्याच एका बैठकीत मी ऐकले, "तिला काय, तिने सोपा मार्ग काढला." मी तेव्हा गप्प बसले, कारण आमच्या घरी तर पित्ताचे खडे होते. आज बोलते. चमच्याने पाणी पिऊन काढलेले दिवस, मुठीने गळलेले केस, जन्मभराच्या गोळ्या आणि पहाटेचे पावणेसहा, यांत सोपे काय आहे ते मला कोणी दाखवावे. ज्यांचे आहाराने आणि चालण्याने भागते त्यांनी ऑपरेशनच्या वाटेला मुळीच जाऊ नये, हे मीही सांगेन. पण ज्यांचे भागत नाही त्यांना आळशी म्हणू नये.

बाईमाणसाने धावणे शोभत नाही असेही कोणी म्हटले. परदेशातही हे म्हणत होते बरे का. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या आणि त्यानंतर "बायकांना झेपत नाही" म्हणून ती शर्यतच १९६० पर्यंत बंद ठेवली. १९६७ साली कॅथरीन स्वित्झर नावाची मुलगी बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये धावत होती तेव्हा एका अधिकाऱ्याने धावत येऊन तिला ओढण्याचा प्रयत्न केला. ती तशीच शर्यत पुरी करून आली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली. दूर कशाला, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली. साताऱ्याकडची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. आणि बारामतीला लता करे यांनी साठी उलटल्यावर, नऊवारी नेसून, अनवाणी, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी शर्यत जिंकली, २०१३ साली. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. मला कोणी शोभत नाही म्हटले की मी लताबाईंचे नाव सांगते. पुढे कोणी बोलत नाही.

मी स्वतः एका पाच किलोमीटरच्या शर्यतीत धावले आहे. सेहेचाळीस मिनिटे लागली, शेवटून चौथी आले. मिळालेले पदक सासूबाईंनी देवघरात टांगले होते. मी काढून कपाटात ठेवले, त्यांनी पुन्हा टांगले. सध्या ते तिथेच आहे.

माझे वजन आज ७६ किलो आहे. गेल्या दिवाळीत दोन किलो चढले, संक्रांतीपर्यंत उतरले. पुढे काय होईल ते मी कोणाला लिहून देऊ शकत नाही. दर सहा महिन्यांनी मूत्रपिंडांची तपासणी करते. तो कागद हातात येईपर्यंत माझ्या पोटात गोळा असतो, आणि अजून तरी तो चांगला आला आहे. आईच्या वयाला मला अजून काही वर्षे आहेत.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरले आहे. त्यांनीच सांगितले आहे, "वहिनी, या वेळी पित्ताचे खडे नकोत." तेव्हा त्यांना भेटायला जाल तेव्हा शिरा, साजूक तुपातले लाडू असे काही नेऊ नये. गाळलेले ताक न्यावे, आणि बसून बोलावे.

आम्ही सहाजणी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे पावणेसहाला कॉलनीच्या मारुतीच्या देवळापाशी जमतो आणि तिथून मैदानावर जातो. त्यांत ऑपरेशन झालेली मी एकटी. दोघी नुसत्या चालतात, एक फेरी झाली की कट्ट्यावर बसून आमची वाट पाहतात. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचे दुखणे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. बूट नसले तर पहिल्या दिवशी चपलेवर चालले तरी हरकत नाही. पाण्याची बाटली मात्र आपापली आणावी, कारण माझ्यातले मी कोणाला देत नाही.